यो ला टेंगो ऐकायचंय? सारखे येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

गेली कित्येक वर्षं मी भेटेल त्याला हा बँड ऐक म्हणून सांगतेय. ठाण्यातले मित्रमैत्रिणी झाले, नेरुळच्या ऑफिसमधले झाले, महिन्यातून एकदा आम्ही घणसोलीला एकीच्या घरी जमून एक अख्खा अल्बम ऐकतो तिथलेही झाले. मग मेसेज येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवते. साधे प्रश्न आधी घेतलेत, अडचणीचे नंतर.

१. हा बँड नक्की कुठला, आणि आहेत तरी कोण कोण?

तिघंच आहेत. आयरा कॅप्लन गिटार आणि ऑर्गन वाजवतो, जॉर्जिया हबली ड्रम्स वाजवते आणि जेम्स मॅकन्यू बेस. गातात तिघंही, आणि वाद्यं एकमेकांत बदलतात ती वेगळीच. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात होबोकेन म्हणून गाव आहे तिथे १९८४ साली सुरुवात झाली. आयरा आणि जॉर्जिया नवरा-बायको आहेत. आयरा आधी संगीतावर लिहायचा. जॉर्जियाचे आईवडील जॉन आणि फेथ हबली, ॲनिमेशनमधलं मोठं नाव, त्यांच्या फिल्म्सना ऑस्कर मिळालेत. सुरुवातीची काही वर्षं बेसवरची माणसं बदलत राहिली, मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स आला आणि तेव्हापासून हेच तिघं आहेत. तीस वर्षांच्या वर झाली, एकही माणूस बदलला नाही.

२. यो ला टेंगो म्हणजे काय? नाचाचा टँगो आहे का?

नाही हो, टँगोचा काही संबंध नाही. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'माझ्याकडे आहे', आपण गल्लीत कॅच घेताना 'माझाऽऽ' ओरडतो ना, अगदी तेच. गोष्ट बेसबॉलची आहे. १९६२ साली न्यूयॉर्क मेट्स ही टीम नवीन होती आणि त्या सीझनला १२० मॅच हरली. त्यांचा सेंटर फिल्डर, म्हणजे मागे मधोमध उभा राहणारा, रिची ॲशबर्न, आणि त्याच्या पुढे आतल्या बाजूला, शॉर्टस्टॉप म्हणतात त्या जागेवर, एलियो चकोन, तो व्हेनेझुएलाचा, त्याला इंग्लिश येत नव्हतं, त्यामुळे उंच उडालेल्या बॉलखाली दोघं सारखे एकमेकांवर आपटायचे. मग कोणीतरी ॲशबर्नला शिकवलं की 'यो ला टेंगो' ओरड. पुढच्या वेळी बॉल उडाला, तो ओरडला, चकोन बरोब्बर थांबला, आणि इतक्यात डावीकडून त्यांच्याच टीमचा फ्रँक थॉमस धावत येऊन ॲशबर्नला धडकला, कारण त्याला स्पॅनिश येत नव्हतं. गोष्ट अशीच सांगतात. आयराला बेसबॉलचं वेड आहे, तिथून हे नाव आलं.

३. इंडी इंडी म्हणतात ते काय असतं, आणि हे त्यात कसे बसतात?

मुळात इंडी म्हणजे मोठ्या कंपनीच्या बाहेर, छोट्या लेबलवर, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपनीकडून, आपल्या मनाने केलेलं संगीत. नंतर तो शब्द एका प्रकारच्या आवाजालाच चिकटला आणि आता कोणीही काहीही इंडी म्हणतं. यांचं बघायचं तर १९९३ पासून यांचे मुख्य अल्बम न्यूयॉर्कच्या मॅटाडोर या एकाच लेबलवर येतायत. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे, चाळीस वर्षांत यांचं एकही गाणं चार्टवर प्रचंड गाजलं असं झालं नाही आणि तरी हे दर दोन-चार वर्षांनी नवा अल्बम करतात, तोही आधीच्यासारखा नसतो. लोक येतात, ऐकतात, त्यावर घर चालतं. याला मी इंडी म्हणते.

४. इतके अल्बम आहेत, सुरुवात कुठून करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९९७ चा 'आय कॅन हिअर द हार्ट बीटिंग ॲज वन' लावा. सोळा गाणी, साधारण ६८ मिनिटं. हाच का, तर या बँडला जे जे येतं ते सगळं यात एकेकदा आहे. 'शुगरक्यूब' म्हणजे गोंगाटातली गोड चाल. 'स्टॉकहोम सिंड्रोम' जेम्स गातो, आवाज इतका उंच आणि कोवळा की पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं दुसराच कोणी गातोय. 'ग्रीन ॲरो' मध्ये शब्दच नाहीत, रातकिडे आहेत आणि त्यावर सरकती गिटार, उन्हाळ्यात येऊरच्या पायथ्याशी रात्री लाईट गेल्यावर जे ऐकू येतं तसं. आणि मधोमध 'ऑटम स्वेटर'. त्यात गिटार नाहीच. ऑर्गन, बेस, ड्रम्स आणि आयराचा दबका आवाज, लोकांच्या घोळक्यात जायला घाबरणाऱ्या माणसाचं गाणं आहे ते. मी कॉलेजात असताना कोणाच्या लग्नाला, बर्थडेला गेले की दारातच पोटात गोळा यायचा, आणि हे कोणी गाण्यात सांगू शकतं हे मला माहीतच नव्हतं. तेव्हापासून मी या बँडची झाले.

दहाव्या मिनिटाला मत बनवू नका. शेवटाकडे 'स्पेक बीबॉप' नावाचा दहा मिनिटांचा ऑर्गनचा गदारोळ आहे तो पहिल्या वेळी पुढे ढकलला तरी चालेल, मी पण ढकलला होता. पण शेवटचं गाणं सोडू नका, त्याचं प्रश्न ९ मध्ये सांगितलंय.

५. गाणाऱ्यांचा आवाज ऐकूच येत नाही, माझ्या हेडफोनचा प्रॉब्लेम आहे का?

हेडफोन बरोबर आहेत. हे लोक हळूच गातात आणि मिक्समध्ये आवाज गिटारच्या थोडा मागेच ठेवलेला असतो. शेजारच्या खोलीत कोणीतरी काम करता करता गुणगुणतंय असं ऐकायचं. व्हॉल्यूम वाढवून शब्द पकडायला गेलात की गिटार कानात घुसते, त्यापेक्षा शब्द सुटले तर सुटू द्या, तिसऱ्या-चौथ्या वेळी आपोआप कळायला लागतात. माझ्या एका मित्राने पहिल्या आठवड्यात शब्द वाचत वाचत ऐकलं आणि कंटाळला, मग नुसतं ऐकायला लागला आणि आता मलाच नवीन नवीन गोष्टी दाखवतो.

६. एक गाणं अंगाईसारखं आणि पुढचं मिक्सरसारखं, एकच बँड आहे ना?

एकच आहे, आणि हीच तर मजा आहे. आयरा गिटारला फीडबॅक, म्हणजे स्पीकरमुळे येणारी ती किंचाळी, देत देत अक्षरशः झटापट करतो, आणि त्याच कार्यक्रमात दहा मिनिटांनी जॉर्जिया इतकं हळू गाते की हॉलमधली माणसं श्वास धरून बसतात.

पण तुम्हाला फक्त शांत बाजू हवी असेल तर २००० चा 'अँड देन नथिंग टर्न्ड इटसेल्फ इनसाईड-आऊट' घ्या. त्यात खऱ्या अर्थाने मोठ्या आवाजाचं गाणं एकच आहे, 'चेरी चॅपस्टिक'. बाकी सगळं रात्री अकरानंतरचं. 'अवर वे टू फॉल' मध्ये दोन माणसं एकमेकांना कशी आवडायला लागली तेवढंच सांगितलंय, काही मोठं घडत नाही. संसारातल्या प्रेमावर इतका नीट अल्बम मी दुसरा ऐकलेला नाही, सुरुवातीच्या ओढीची गाणी जगभर आहेत पण वीस वर्षं एका घरात राहिल्यावर जे उरतं, रुसवे, एकाने झोपून जाणं, दुसऱ्याने जागं राहणं, त्यावर कोण लिहितं? जे गोंगाटवाले आहेत त्यांनी प्रश्न ७ बघा.

७. नऊ मिनिटं, सतरा मिनिटं... इतकी लांब गाणी कशाला?

ठाण्यात पं. राम मराठे महोत्सवाला जाणाऱ्यांना हे समजावायला लागत नाही. विलंबित ख्याल सुरू झाल्यावर आपण घड्याळ बघतो का? राग हळूहळू उलगडायला वेळ लागतो आणि तो वेळ हीच गंमत असते. १९९५ च्या 'इलेक्ट्र-ओ-प्युरा' वरचं शेवटचं 'ब्लू लाईन स्विंगर' ऐका. ऑर्गनचा एक सूर, ड्रम्स चाचपडतायत, गिटार मध्येच ओरडते, बराच वेळ गाणं सुरूच होत नाही, वाटतं हे अजून वाद्यं लावतायत. आणि मग केव्हातरी ताल सापडतो, कधी सापडला ते बोट ठेवून सांगता येत नाही, आणि जॉर्जिया गायला लागते तेव्हा अंगावर काटा येतो. तो काटा आधीची मिनिटं कापली तर येत नाही, मी करून बघितलंय.

सतरा मिनिटांचं म्हणजे 'नाईट फॉल्स ऑन होबोकेन', प्रश्न ६ मधल्या अल्बमचं शेवटचं गाणं. ते कधी ऐकायचं ते पुढच्या उत्तरात.

८. ऐकायची योग्य वेळ कोणती? मला फक्त ट्रेनमध्येच वेळ मिळतो.

मग तुम्ही नशीबवान आहात. मी ठाण्याहून नेरुळला ट्रान्सहार्बरने जाते, दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून बसायला मिळालं तर अख्ख्या अल्बमची एक बाजू आरामात होते. सकाळी गर्दीत गोंगाटाची गाणी चालतात कारण बाहेरच इतका आवाज असतो की हळू गाणी बुडून जातात. परतीच्या उशिराच्या गाडीला मात्र शांत अल्बम. ऐरोली गेल्यावर डबा रिकामा होतो, बाहेर खाडीकडे अंधार, लांब टॉवरचे लाईट, तेव्हा 'नाईट फॉल्स ऑन होबोकेन' लावा. गाणं संपत नाही तोवर ठाणं येतं आणि मी बऱ्याचदा जिन्याजवळ कडेला उभी राहून शेवटची दोन मिनिटं पूर्ण करते.

एक सांगते, रूळ ओलांडताना किंवा स्कूटर चालवताना कानात काही घालू नका, हे गाणं तर मुळीच नाही.

९. घरी आईबाबांसमोर लावण्यासारखं काही आहे का?

भरपूर आहे. १९९० चा 'फेकबुक', बहुतेक दुसऱ्यांची गाणी, साध्या गिटारवर. आणि २०१५ चा 'स्टफ लाईक दॅट देअर', त्याचाच जणू पंचवीस वर्षांनंतरचा भाऊ, सुरुवातीच्या काळातला गिटारिस्ट डेव्ह श्राम त्यात परत आलाय आणि जेम्स उभा मोठा बेस वाजवतो.

पण माझं सांगते. १९९७ च्या अल्बमचं शेवटचं गाणं, 'माय लिटिल कॉर्नर ऑफ द वर्ल्ड', हे १९६० चं जुनं गाणं आहे, अनिता ब्रायंटने गायलेलं, इथे जॉर्जिया गाते. नौपाड्याच्या आमच्या घरी एका रविवारी आई मेथी निवडत बसली होती, अल्बम संपत आला होता आणि तिने हात न थांबवता विचारलं, "ही बाई कोण गं, छान गातेय, परत लाव." आईला इंग्लिश गाणी अजिबात चालत नाहीत. मी तीनदा लावलं.

१०. होबोकेनचं तू इतकं कौतुक का करतेस? आपला काय संबंध?

नकाशा उघडा. एका बाजूला मॅनहॅटन, मध्ये हडसन नदी, आणि पलीकडच्या काठावर होबोकेन. साठ हजारांच्या आसपास वस्ती, इतकं छोटं की लोक त्याला एक चौरस मैलाचं गाव म्हणतात. १९०८ पासून नदीखालून रेल्वे आहे, माणसं सकाळी पलीकडे कामाला जातात आणि रात्री झोपायला परत येतात. आता मॅनहॅटनच्या जागी मुंबई ठेवा आणि नदीच्या जागी खाडी. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली आली, वाशीचा पूल नंतर झाला, नवी मुंबई वसली, पण 'तुम्ही मुंबईचे का? नाही, ठाण्याचे' हे वाक्य बोलताना आवाज अजूनही जरा खाली जातो ना? गिग बघायची तर लोअर परळ, रेकॉर्ड शोधायचे तर फोर्ट, आणि शेवटची लोकल पकडायची म्हणून शेवटचं गाणं सोडून पळत सुटायचं, हे मी दहा वर्षं केलंय.

आणि हा बँड आपलं गाव विसरला नाही. गाण्यांच्या नावात गाव आणलं. २०२३ च्या अल्बमचं पहिलंच गाणं 'सिनात्रा ड्राईव्ह ब्रेकडाऊन', सिनात्रा ड्राईव्ह हा होबोकेनचा नदीकाठचा रस्ता, फ्रँक सिनात्रा तिथलाच म्हणून. उद्या कोणी ठाण्यात बसून पाम बीच रोड किंवा तलावपाळीवर सात मिनिटांचं इलेक्ट्रिक गाणं केलं तर मला किती आनंद होईल सांगू शकत नाही. आपल्या गावाबद्दल गायला आधी ते गाव मोठं व्हावं लागत नाही, हे मला या लोकांकडून कळलं.

११. हनुकाचे आठ शो हे काय प्रकरण आहे?

होबोकेनमध्ये मॅक्सवेल्स नावाचं ठिकाण होतं, पुढे खाणंपिणं आणि मागे छोटीशी खोली, तिथे बँड वाजवायचे. आयराने तिथे साऊंड सांभाळलाय. हनुका हा ज्यूंचा आठ रात्रींचा दिव्यांचा सण. २००१ पासून हे लोक त्या खोलीत आठही रात्री वाजवायला लागले, रोज वेगळी गाणी, रोज वेगळे पाहुणे, आधी कोण वाजवणार ते न सांगता, आणि पैसे मदतकार्याला. २०१३ मध्ये मॅक्सवेल्स बंद झालं. २०१७ पासून हे शो न्यूयॉर्कच्या बॉवेरी बॉलरूममध्ये होतात. म्हणजे शेवटी नदी ओलांडावीच लागली, आणि मला त्याचं वाईट वाटतं, तिथे कधी पाऊल न ठेवताही वाटतं. असं छोटं ठिकाण गेलं की काय जातं हे आपण २०१६ ला लोअर परळचं ब्लू फ्रॉग, जिथे बँड वाजवायचे ते, बंद झालं तेव्हा बघितलंय.

१२. 'फ्रायडे आय'म इन लव्ह' यांचंच ना? मी पैज लावलीय.

पैज हरलात, ते द क्युअरचं गाणं आहे. २०१५ च्या अल्बमवर यांनी गायलंय. 'यू कॅन हॅव इट ऑल' पण यांचं नाही, जॉर्ज मॅक्रेचं डिस्को काळातलं आहे, 'लिटिल होंडा' बीच बॉईजचं. या लोकांना दुसऱ्यांची गाणी अफाट माहीत आहेत. शेजारच्या जर्सी सिटीत डब्ल्यूएफएमयू नावाचं जाहिरातींशिवाय चालणारं रेडिओ स्टेशन आहे, श्रोत्यांच्या देणग्यांवर. त्यांच्यासाठी हे तिघं स्टुडिओत बसायचे, तुम्ही देणगी द्या आणि गाणं सांगा, ते तिथल्या तिथे, प्रॅक्टिसशिवाय, आठवेल तसं वाजवणार. चुकतात, हसतात, पुढे जातात. त्यातली निवडक २००६ मध्ये एका सीडीवर आली. गणपतीत रात्री जागरणाला फर्माईश करत बसायचो त्याची आठवण येते.

उलटी फसगत पण होते, २०१८ च्या अल्बमचं नाव 'देअर्स अ रायट गोइंग ऑन' आहे, हेच नाव स्लाय अँड द फॅमिली स्टोनच्या १९७१ च्या अल्बमचं, पण आतली गाणी वेगळी, यांची स्वतःची.

१३. कुठला अल्बम सोडला तर चालेल?

खरं सांगू तर २००३ चा 'समर सन' मी फार कमी लावते, छान आहे पण सगळा एकाच उजेडात आहे. आणि पहिले दोन, १९८६ आणि १९८७ चे, नंतरसाठी ठेवा. २०१८ चा सोडू नका पण त्याच्याकडून गाण्यांची अपेक्षा करू नका, पावसात खिडकीशी बसायचा आहे तो. २०२३ चा 'धिस स्टुपिड वर्ल्ड' मात्र नक्की, पन्नास मिनिटांच्या आतला, स्वतःच रेकॉर्ड केलेला, इतक्या वर्षांनी इतकी ताकद आली कुठून असं वाटतं.

१४. 'पेनफुल' मध्ये एकच गाणं दोनदा आलंय, माझ्या फाईलमध्ये गडबड आहे का?

गडबड नाही, मुद्दाम आहे. १९९३ च्या 'पेनफुल' ची सुरुवात 'बिग डे कमिंग' ने होते, संथ, ऑर्गनवर, ड्रम्स नाहीत. शेवटून दुसरं गाणं पुन्हा तेच, पण यावेळी गिटार पूर्ण भडकलेली. तसंच 'डीपर इंटू मूव्हीज' १९९७ ला वादळासारखं आहे आणि २०१५ ला तेच कुजबुजत गायलंय. दोन्ही पाठोपाठ लावून बघा.

१५. नेरुळच्या डी वाय पाटील स्टेडियमला येतील का कधी?

तिथे २०१९ ला यूटू झालं, २०२५ ला कोल्डप्ले, मी कोल्डप्लेला ट्रॅफिकमुळे जुईनगरपासून चालत गेले होते. पण या बँडला पन्नास हजार लोक नकोत. माझ्या मनात ठाण्याच्या घाणेकर नाट्यगृहाचं मिनी थिएटर आहे. दोन सत्रं, पहिलं शांत, दुसरं गोंगाटाचं, मध्ये बटाटवडा आणि चहा.

१६. आवडला! आता पुढे कोण?

मागे जायचं तर साठच्या दशकातला न्यूयॉर्कचा बँड द व्हेल्वेट अंडरग्राऊंड, सगळं तिथून निघालंय, १९९६ च्या एका सिनेमात तर यो ला टेंगोनेच त्यांची भूमिका केलीय. न्यू जर्सीचे द फीलीज, मॅक्सवेल्सवाले. हळू गाण्यांसाठी गॅलॅक्सी ५०० आणि लो, लो मध्येही नवरा-बायकोच होते, ॲलन स्पारहॉक आणि मिमी पार्कर, मिमी २०२२ ला गेली. आणि जेम्सचा आवाज आवडला असेल तर तो 'डंप' नावाने एकटा रेकॉर्ड करतो ते शोधा.

१७. तीनदा ऐकला, नाही जमलं. काय चुकतंय?

काहीच चुकत नाही. एकदा फक्त एवढं करा, प्रश्न ४ चा अल्बम बाजूला ठेवा, 'पेनफुल' चं शेवटचं 'आय हर्ड यू लुकिंग' लावा. शब्द नाहीत, एक छोटी चाल सात मिनिटं परत परत येते आणि दर वेळी थोडी मोठी होते. मोबाईल उलटा ठेवून ऐका. तरी नाही झालं तर सोडून द्या आणि मला तुमचा आवडता बँड पाठवा, पुढच्या घणसोलीच्या बैठकीला तोच लावू.